धोका चालकाचा, हप्ता गाडीचा

शनिवारी रात्री नाकाबंदीत गाडी अडवली, हवालदाराने यंत्रात फुंकर मारायला लावली आणि आकडा तीसच्या पुढे गेला. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा. ती ओलांडली की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रकरण दंडावर मिटलं, असं धरू. दोन महिन्यांनी विम्याच्या रिन्यूअलचा मेसेज येतो आणि घरात कुणीतरी विचारतंच: आता हप्ता किती वाढणार?

उत्तर ऐकून बरेच जण चकित होतात. थर्ड पार्टीचा हप्ता या गुन्ह्यामुळे एक रुपयानेही वाढत नाही. पॉलिसीचा कागद काढून पाहिला तर कारण कळतं. त्यावर इंजिन नंबर असतो, चॅसी नंबर असतो, सीसी, इंधन, बनावटीचं वर्ष, आरटीओचं ठिकाण, सगळं असतं. चालकाला किती चलनं झाली, त्याने किती जणांना धडक दिली, यासाठी मात्र त्यावर रकाना नसतो. भारतात विमा उतरवला जातो तो गाडीचा. बेभरवशाचा चालक हप्त्याच्या दिवशी कुणाला दिसत नाही, तो दिसतो क्लेमच्या दिवशी, आणि तेव्हा त्याची किंमत काही हजारांत नसते.

१. एका कागदावर दोन विमे

गाडीच्या पॉलिसीत सहसा दोन वेगळे विमे एकत्र बांधलेले असतात. पहिला थर्ड पार्टी: आपल्या गाडीने दुसऱ्याचा जीव गेला, कुणी जखमी झालं किंवा कुणाची भिंत पडली, तर त्याची भरपाई. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार हा विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्यांदा दोन हजार आणि पुन्हा सापडल्यास चार हजार रुपये दंड होतो, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि चोरी. तो घ्यायचा की नाही, हे मालकाने ठरवायचं. दोन्ही असले की त्याला एजंटांच्या भाषेत 'फुल इन्शुरन्स' म्हणतात.

या दोहोंचे दर ठरवण्याची रीतही वेगळी आहे. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. वर जीएसटी. इलेक्ट्रिक गाडीला पंधरा टक्के सूट. बस्स, एवढंच कोष्टक. साताऱ्यातले निवृत्त मुख्याध्यापक बाराशे सीसीची गाडी महिन्यातून दोनदा बाजारात नेत असोत, की त्याच गाडीवर एखादा बावीस वर्षांचा तरुण रोज एक्स्प्रेसवेवर शर्यती लावत असो, दोघांचाही थर्ड पार्टीचा हप्ता ३,४१६ रुपयेच.

ओन डॅमेजचे दर १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांवर सोपवले आहेत. ते मुख्यतः आयडीव्हीवर, म्हणजे घसारा वजा जाता गाडीच्या ठरलेल्या किमतीवर अवलंबून असतात. दहा लाखांची गाडी चौथ्या वर्षात चाळीस टक्के घसाऱ्याने सहा लाखांची धरली जाते. त्यावर कंपनी आपलं गणित मांडते: गाडीचं मॉडेल, शहर, मागचे क्लेम. क्लेम खूप झाले असतील तर 'लोडिंग' लावते, म्हणजे हप्ता चढवते. पण इथेही कंपनी मोजते ते झालेले क्लेम. सिग्नल किती तोडले, हे मोजत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. छापील प्रस्ताव अर्जात चालकावर अपघाताबद्दल ठपका आला होता का, त्याला शिक्षा झाली होती का, असे प्रश्न विचारलेले असू शकतात. एजंट घाईघाईने 'नाही' लिहून मोकळा होतो आणि मालक सही करतो. खोटी माहिती दिली, हे क्लेम नाकारण्याचं अगदी सरळ कारण ठरतं, आणि सही एजंटाची नसते.

२. तिकडे आधी चालक विचारतात

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये चित्र उलटं आहे. कॅलिफोर्नियात १९८८ साली मतदारांनी मंजूर केलेल्या 'प्रस्ताव १०३' नुसार हप्ता ठरवताना सर्वांत जास्त वजन चालकाच्या सुरक्षिततेच्या नोंदीला द्यावं लागतं. त्यानंतर वर्षभरात गाडी किती मैल धावली आणि त्यानंतर चालवण्याचा किती वर्षांचा अनुभव. दारू पिऊन पकडलेल्या चालकाला बऱ्याच राज्यांत 'एसआर-२२' द्यावं लागतं. हे विमा कंपनीने राज्य सरकारला दिलेलं प्रमाणपत्र असतं, या माणसाकडे किमान विमा चालू आहे अशी हमी देणारं. विमा बंद पडला तर कंपनीच सरकारला कळवते. फ्लोरिडा आणि व्हर्जिनियात याचा अधिक कडक भाऊ आहे, 'एफआर-४४', त्यात विम्याची रक्कमही जास्त लागते. कोणतीच कंपनी घ्यायला तयार नसेल तर राज्याची योजना अशा चालकांची कंपन्यांमध्ये वाटणी करते.

या पद्धतीचा चटका पुण्या-नाशिकहून न्यू जर्सीला गेलेल्यांनाही बसतो. भारतात वीस वर्षं गाडी चालवलेली असली तरी अनेक अमेरिकन कंपन्या तो अनुभव जमेस धरत नाहीत. चाळिशीचा माणूस विम्याच्या खिडकीवर नवशिका ठरतो आणि तसाच हप्ता भरतो.

आपल्याकडे 'कुणालाच नको असलेला ग्राहक' ही अडचण आली ती वेगळ्या गल्लीत: जुने ट्रक आणि इतर व्यावसायिक वाहनं. त्यांच्या थर्ड पार्टीत तोटा होतो म्हणून कंपन्या टाळाटाळ करत. म्हणून २००७ मध्ये सर्व कंपन्यांचा सामाईक 'पूल' केला गेला आणि २०१२ मध्ये तो बंद करून फक्त नाकारलेल्या जोखमींपुरता नवा पूल आणला गेला. धोका वाटून घ्यायची कल्पना अमेरिकेसारखीच, पण इथेही वाटणी झाली ती वाहनांची.

३. बोनसची सापशिडी

चालकाच्या वागण्याचा थोडाफार हिशेब आपल्याकडे ठेवला जातो तो मुख्यतः एकाच जागी: नो क्लेम बोनस, म्हणजेच एनसीबी. एक वर्ष क्लेम केला नाही तर ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, सलग दुसऱ्या वर्षी २५, मग ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. हा खेळ सापशिडीचा आहे, फक्त यात शिडी पायरीपायरीने चढायची आणि साप मात्र एकच, थेट शून्यावर नेणारा. एक क्लेम केला की पुढच्या रिन्यूअलला बोनस गेला.

एक छोटं उदाहरण घेऊ. बोनसशिवाय ओन डॅमेजचा हप्ता १५,००० रुपये आहे आणि मालक पन्नास टक्क्यांवर पोचला आहे, म्हणजे तो ७,५०० भरतो. सोसायटीच्या गेटवर पुढचा बंपर फुटला. बंपर ६,००० चा, मजुरी ३,०००. प्लॅस्टिकवर पन्नास टक्के घसारा कापतात, म्हणजे बंपरचे ३,००० मिळतील. मजुरी पूर्ण मिळेल. त्यातून मालकाने सोसायचे सक्तीचे १,००० वजा (१५०० सीसीपर्यंतच्या गाडीला एवढे, त्यावर २,०००). कंपनीकडून हातात आले ५,०००.

आता दुसरी बाजू. पुढच्या रिन्यूअलला बोनस शून्य, म्हणजे ७,५०० रुपये जास्त. त्यापुढे पन्नासऐवजी वीस टक्के, म्हणजे ४,५०० जास्त. मग ३,७५०, मग २,२५०, मग ७५०. मूळ हप्ता तेवढाच राहिला असं धरलं तर पुन्हा पन्नासवर पोचेपर्यंत १८,७५० रुपये जादा गेले. आयडीव्ही दरवर्षी उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरेल, पण पाच हजारांसाठी हा सौदा तोट्याचाच. वर्कशॉपमधला सल्लागार 'इन्शुरन्समध्ये टाकून देऊ' असं आपुलकीने म्हणतो तेव्हा त्याला हा हिशेब मांडायचा नसतो.

बोनसबद्दल दोन गोष्टी लोक विसरतात. तो गाडीला चिकटलेला नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेतली तर प्रमाणपत्र घेऊन तो नव्या गाडीवर नेता येतो, आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्याला विकणाऱ्याचा बोनस मिळत नाही. दुसरं, पॉलिसी संपून ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर बोनस बुडतो. ज्याने मागच्या वर्षी क्लेम घेतला आणि नव्या कंपनीला 'क्लेम नाही' असं सांगून बोनस लाटला, त्याची चोरी पहिल्या मोठ्या क्लेमला उघडी पडते. नवी कंपनी जुन्या कंपनीला विचारते.

४. सर्व्हेअर काय विचारतो

अपघातानंतर गाडी वर्कशॉपमध्ये उभी असते आणि सर्व्हेअर येतो. तो डेंट मोजतो, फोटो काढतो, चॅसी नंबर ताडून पाहतो. पण क्लेम फॉर्ममधला कळीचा रकाना वेगळाच असतो: अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं? त्याच्या लायसन्सचा नंबर, कोणत्या प्रकारच्या वाहनाचं आहे, कधीपर्यंत वैध आहे. वर्षभर कुणी न विचारलेला चालक इथे पहिल्यांदा कागदावर येतो.

ओन डॅमेजच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं असतं की चालक दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असेल, किंवा त्याच्याकडे वैध परवाना नसेल, तर कंपनी जबाबदार नाही. या अटीची कसोटी सर्वोच्च न्यायालयात लागली. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एका कंपनीच्या मालकीची पोर्शे फुटपाथला धडकली, उलटली आणि पेटली. विमा कंपनी इफ्को टोकियोने क्लेम नाकारला. रक्तातल्या अल्कोहोलचा आकडा नोंदीत नव्हता, वैद्यकीय अहवालात फक्त तोंडाला दारूचा वास येत असल्याचा उल्लेख होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने गाडीमालकाच्या बाजूने कौल दिला. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. कलम १८५ खाली शिक्षा झालेली नसली तरी इतर पुराव्यांवरून कंपनी दारूचा अंमल सिद्ध करू शकते, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे पोलिसांकडून सुटलेला माणूस विमा कंपनीकडूनही सुटेलच असं नाही.

स्वतः चालकाच्या जिवाचं काय? इथे मोठा गैरसमज आहे. थर्ड पार्टी विमा इतरांसाठी असतो, ज्याच्या चुकीने अपघात झाला त्याच्यासाठी नाही. २०१४ मध्ये कर्नाटकात भरधाव चालवताना गाडी उलटून एका चालकाचा मृत्यू झाला. घरच्यांनी भरपाई मागितली. उच्च न्यायालयाने ती नाकारली आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. अशा वेळी घरच्यांच्या कामी येऊ शकतं ते मालक-चालकाचं सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण, पंधरा लाख रुपयांचं. त्यालाही वैध परवान्याची अट आहे आणि दारूचा अपवाद आहेच.

५. आधी द्या, मग वसूल करा

मग दारुड्या किंवा बिनपरवाना चालकाने ज्याला उडवलं, त्याच्या घरच्यांनी कुणाकडे जायचं? त्यांचा तर काही दोष नाही. भारतीय न्यायालयांनी यावर काढलेली वाट प्रसिद्ध आहे. २००४ च्या नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असं ठरवलं की परवान्याबाबतच्या अटीचा भंग झाला असला तरी न्यायाधिकरण कंपनीला आधी पीडितांना पैसे द्यायला लावू शकतं. मालकानेच अट जाणूनबुजून मोडली हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर. ते सिद्ध झालं की दिलेली रक्कम कंपनीने मालकाकडून वसूल करायची. दारूच्या प्रकरणांतही अनेक उच्च न्यायालयांनी हाच मार्ग धरला आहे.

वसुलीची रक्कम किती असते, हे एकदा मांडून पाहण्यासारखं आहे. तीस वर्षांचा एक इलेक्ट्रिशियन, महिना पंचवीस हजार कमावणारा. घरी बायको, दोन मुलं आणि आई. अशांची भरपाई ठरवण्याचं सूत्र सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत घालून दिलं आहे. वर्षाचं उत्पन्न तीन लाख. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाचं उत्पन्न पुढे वाढलं असतं म्हणून चाळीस टक्के मिळवायचे: चार लाख वीस हजार. तो स्वतःवर खर्च करत असे तो भाग वजा करायचा, चार अवलंबित असतील तर एक चतुर्थांश: उरले तीन लाख पंधरा हजार. तीस वर्षांच्या वयाला गुणक सतरा. झाले त्रेपन्न लाख पंचावन्न हजार. अंत्यविधी आणि सहवास गमावल्याची रक्कम वेगळी, व्याज वेगळं.

एरवी हे सगळं ३,४१६ रुपयांत भागलं असतं. मृत्यू आणि इजेच्या भरपाईला थर्ड पार्टीत वरची मर्यादाच नाही, मालमत्तेच्या नुकसानीला मात्र कारसाठी साडेसात लाखांची आहे. अट मोडली तर तेच त्रेपन्न लाख मालकाच्या बँक खात्यातून, फ्लॅटमधून, शेतातून निघतात. कंपनीला त्यासाठी वेगळा दावाही लावावा लागत नाही.

इथे 'मालकाच्या' हा शब्द नीट वाचावा लागतो. किल्ली भाच्याला दिली, ड्रायव्हरला दिली, सोळा वर्षांच्या मुलाला दिली, तरी वसुली येते ती मालकाच्या दारात. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला आणि गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप झाला, तेव्हा २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ घरोघरी चर्चेत आलं. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने फिरवणं हाही अटीचा भंगच. पण इथे न्यायालयांनी थोडी मवाळ भूमिका घेतली आहे. २०१० च्या अमलेंदु साहू निकालानंतर अशा ओन डॅमेजच्या क्लेममध्ये तडजोडीने ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. टेम्पो आणि रिक्षावाल्यांना दिलासा मिळाला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये: हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन चालवू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं. त्यामुळे 'लायसन्स वेगळ्या प्रकारचं' म्हणून क्लेम नाकारण्याची एक नेहमीची सबब गेली.

६. मग पॉलिसीत काय घ्यायचं

दारू आणि परवाना या दोन अटींतून सुटका कोणत्याही जादा हप्त्याने विकत घेता येत नाही. त्यांच्यासाठी कुठलाही ॲड-ऑन, म्हणजे जादा हप्ता भरून घ्यायचं जोडसंरक्षण, नाही. उरतो तो साधा धोका: नवशिका हात, अरुंद गल्ली, रोजची गर्दी.

नव्याने शिकलेल्याला 'झिरो डेप' उपयोगी पडतं. त्यात प्लॅस्टिक आणि रबरावरचा घसारा कापत नाहीत. मात्र वर्षात किती क्लेम चालतील, यावर बहुतेक कंपन्या मर्यादा घालतात, तो आकडा आधी वाचावा. 'एनसीबी प्रोटेक्ट' घेतलं तर ठरावीक क्लेमपर्यंत बोनस टिकतो. वरच्या बंपरच्या उदाहरणात ते घेतलेल्याला हिशेब मांडायची गरजच पडली नसती. उलट 'व्हॉलंटरी डिडक्टिबल', म्हणजे सुरुवातीचे काही हजार मी सोसेन असं सांगून सूट घेणं, नवशिक्याने टाळलेलं बरं. जुन्या टॅरिफनुसार पंधरा हजार सोसायची तयारी दाखवली तरी सूट जास्तीत जास्त अडीच हजारांची होती. वर्षाला दोन वेळा गाडी घासणाऱ्याला हे परवडत नाही.

मुंबईकरांनी इंजिन प्रोटेक्ट विसरू नये. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून चालू करायचा प्रयत्न केला की इंजिनात पाणी शिरतं आणि साध्या पॉलिसीत कंपनी ते 'परिणामी नुकसान' म्हणून नाकारते.

पॉलिसी मध्येच बंद पडली असेल तर ओन डॅमेज देण्याआधी कंपनी गाडीची तपासणी करते. क्लेम अन्यायाने नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. बंपरच्या पाच हजारांसाठीही तिथे जाता येतं.

७. चलनावरून हप्ता

चालकाची वर्तणूक हप्त्यात आणायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये एक कार्यगट नेमला आणि त्याचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. सुचवलं असं की पॉलिसीत 'वाहतूक नियमभंग हप्ता' हा आणखी एक भाग जोडावा आणि तो चलनांच्या गुणांवरून ठरावा. दारू पिऊन चालवण्याला शंभर गुण, चुकीच्या जागी पार्किंगला दहा. गुणांनुसार कारला ३०० ते १,५०० रुपये आणि दुचाकीला १०० ते ७५० रुपये जादा. सुरुवात दिल्लीत प्रायोगिक करावी. तो हप्ता देशात लागू झाला नाही. जुलै २०२२ मध्ये नियामकाने 'पे हाऊ यू ड्राइव्ह' प्रकारच्या ॲड-ऑनला परवानगी दिली, ज्यात ब्रेक किती कचकन लागतो, वेग किती, यावरून ओन डॅमेजचा हप्ता ठरू शकतो. पण ती वाट ऐच्छिक आहे, आणि ती निवडतो तो बहुधा आधीच जपून चालवणारा.

२०२१ च्या त्या अहवालातली एक अडचण मात्र आजही तशीच आहे. कॅमेऱ्याचं ई-चलन नंबर प्लेटवर येतं, लायसन्सवर नाही. गाडी ड्रायव्हरने पळवली की मेव्हण्याने, हे कॅमेऱ्याला कळत नाही. म्हणून कार्यगटाची शिफारस अशी होती की हा जादा हप्ता गाडीच्या नोंदणीकृत मालकाने भरावा, चालवणारा कुणीही असो.